जीपचा क्लच दाबूनही गिअर करकरतो: गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे पाहा

आमची जीप १९६७ची. महिंद्राची सीजे-३बी, पेट्रोल इंजिनाची, मागे पांढऱ्या अक्षरात 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' लिहिलेली. आबांनी ती सरकारी लिलावात घेतली तेव्हा मी शाळेत होतो. आता ती माझ्याकडे आहे आणि तिचं काम शक्यतो मी स्वतःच करतो.

चार वर्षं एका दुखण्याने आम्हा दोघांनाही छळलं. चिपळूणहून कराडला येताना पोफळी सोडली की घाट लागतो. कुंभार्लीच्या माथ्यावर चहाला थांबायचं, गाडी पुन्हा सुरू करायची, क्लच पार तळापर्यंत दाबायचा आणि पहिला टाकायला गेलं की कर्रर्र. रिव्हर्सचं तर नावच काढायला नको. शेवटी इंजिन बंद करून पहिला टाकायचा आणि गिअरमध्येच स्टार्टर मारून निघायचं. घाटमाथ्यावर गर्दीत, शेजारी बायको आणि मागे पोरं बसलेली असताना हे करताना जीव किती वरखाली होतो ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

दरवेळी क्लचची केबल थोडी आवळली की पंधरा-वीस दिवस बरे जायचे. मग पुन्हा तेच. या चार वर्षांत गिअरबॉक्स तीनदा खाली उतरला. एकदा क्लच प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारी चकती) बदलली, एकदा क्लच प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट दोन्ही, आणि तिसऱ्या वेळी गिअरबॉक्स उघडून सिंक्रोच्या, म्हणजे गिअर आवाज न करता पडावा म्हणून असलेल्या, रिंगा. खरा रोग दोन ठिकाणी होता. त्यातला मोठा गिअरबॉक्सच्या बाहेर होता आणि गाडीखाली टॉर्च घेऊन दहा मिनिटं पडून राहिलं असतं तर डोळ्यांना दिसला असता. तसं पडून राहायला मला चार वर्षं लागली. हीच तक्रार घेऊन फिरणारे आणखी तीन-चार जीपवाले भेटले, म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

कुठला गिअर बोलतो, ते आधी ऐका

या जीपमध्ये टी-९० नावाचा तीन गिअरचा बॉक्स असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला सिंक्रो आहे. पहिल्याला आणि रिव्हर्सला नाही, तिथे दाते असलेलं चाक सरळ सरकून दुसऱ्या चाकात बसतं. याचा अर्थ असा की पहिला किंवा रिव्हर्स टाकताना आतला शाफ्ट फिरत असेल, तर तो दातांवर दात आपटून तुम्हाला लगेच सांगणार. दुसऱ्या-तिसऱ्याला मात्र पितळेची रिंग मध्ये पडते, फिरणाऱ्या भागाला घासून थांबवते आणि आवाज न होता गिअर पडतो. म्हणून क्लच नीट सुटत नसला, म्हणजे पेडल दाबूनही शाफ्ट इंजिनपासून पूर्ण वेगळा होत नसला, तरी दुसरा-तिसरा बरेच दिवस मुकाट्याने काम करतात आणि आपल्याला वाटतं, पहिल्या गिअरचीच चाकं खराब आहेत.

माझ्या गाडीत तेच झालं. 'पहिल्याचे दाते गेले' असं एका गॅरेजवाल्याने न उघडता सांगितलं आणि मीही मान डोलावली. उघडल्यावर दात्यांच्या कडा थोड्या बोथट झालेल्या दिसल्या. दुसऱ्याची सिंक्रो रिंग मात्र खरंच झिजली होती, कारण न सुटणाऱ्या क्लचशी झुंजायचं काम ती चार वर्षं करत होती. रिंग बदलणं चूक नव्हतं, पण तिला झिजवणारं कारण तसंच राहिलं आणि महिन्याभरात नव्या रिंगेवर तीच वेळ आली.

आता पहिली परीक्षा. इंजिन बंद, गाडी सपाट जागेवर, चाकांना दगड लावलेले. क्लच दाबून सगळे गिअर एकेक टाकून पाहा. एखादा गिअर दातावर दात आल्यामुळे अडला तर गाडी इंचभर पुढेमागे हलवून पुन्हा पाहा. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू असतानाच कुरकुरतात, तर दोष क्लचकडे आहे. इंजिन बंद असतानाही गिअरचा दांडा जड जातो, मध्येच अडकतो, तर दोष दांडा, त्याच्या खालचे गिअर सरकवणारे रेल आणि फोर्क, किंवा ऑईल यांच्याकडे. ही एक परीक्षा केली असती तर माझा निम्मा खर्च वाचला असता.

दुसरी परीक्षा इंजिन चालू ठेवून. आयडलिंग खाली आणा, गाडी न्यूट्रलमध्ये. क्लच तळापर्यंत दाबा आणि मनात दहा आकडे मोजा. मग रिव्हर्स टाका. आतला शाफ्ट एवढ्या वेळात थांबायला हवा. गुपचूप पडला तर क्लच सुटतोय, तुम्ही फक्त घाई करत होता. अशा वेळी आधी दांडा दुसऱ्यात नेऊन मग पहिल्यात आणायची सवय लावा. दुसऱ्याची सिंक्रो रिंग शाफ्ट थांबवते आणि पहिला अलगद पडतो. पण दहा आकडे मोजूनही करकरला, किंवा दुसऱ्याला लावून पुन्हा न्यूट्रलमध्ये आणून, पाय तसाच दाबलेला ठेवून चार-पाच आकड्यांनी पहिला टाकताना परत आवाज आला, तर काहीतरी शाफ्टला फिरवत ठेवतंय हे नक्की. मिस्त्री लोक याला 'क्लच कटत नाही' म्हणतात.

शंका उरली तर आणखी एक पाहा. मोकळं मैदान, समोर कोणी नाही. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचं बळ पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) लो मध्ये, गिअर पहिला, क्लच पूर्ण दाबलेला, इंजिन जरा वाढवा. लो मध्ये आणि पहिल्यात मिळून चाकांपर्यंतचं बळ इतकं वाढतं की क्लच जरासा जरी धरून असेल तरी जीप मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागते. माझी सरकत होती.

पेडलपासून बेअरिंगपर्यंत चाल कुठे हरवते

क्लच कटत नाही म्हटलं की सगळ्यांचं लक्ष थेट प्लेटकडे जातं. पण पाय आणि प्लेट यांच्यामध्ये केवढं काय काय आहे ते बघा. पेडल, पेडलचा शाफ्ट आणि त्याचा बुश, तिथून दांडी, मग चासी आणि बेल हाउसिंग (क्लचवरचं, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं आवरण) यांच्यामध्ये आडवा बसलेला एक नळा. या नळ्याची दोन टोकं दोन गोळ्यांवर फिरतात. एक गोळा चासीच्या ब्रॅकेटवर, दुसरा बेल हाउसिंगवर. नळ्याच्या दुसऱ्या हातापासून केबल, केबलच्या टोकाला यॉक (दोन फाट्यांचा जोड) आणि लॉकनट, मग क्लचचा फोर्क, आणि फोर्कवर रिलीज बेअरिंग, जे प्रेशर प्लेटच्या फिंगर (छोटे लिव्हर) दाबून क्लच सोडवतं. पेडल काही इंच चालतं तेव्हा बेअरिंग मिलिमीटरांत चालतं. म्हणून बेअरिंगच्या बाजूला मिलिमीटर-दोन मिलिमीटरची झीजही पेडलचा मोठा प्रवास गिळते. प्रत्येक पिनचं भोक थोडं लंबगोल झालेलं, गोळे थोडे खाल्लेले, शाफ्टचा बुश थोडा ढिला. पन्नास वर्षांच्या गाडीत हे सगळं थोडं थोडं असतंच. बेरीज केली की क्लच सुटायला हवी तेवढी चाल शिल्लक राहत नाही.

पहिलं माप फ्री प्लेचं. हाताने पेडल हलकं दाबा. पहिली चाल अगदी सैल असते, मग बेअरिंग फिंगरना टेकतं आणि वजन जाणवतं. ही सैल चाल जीपला साधारण एक ते दीड इंच हवी. जास्त असेल तर क्लच पूर्ण कटणार नाही. कमी असेल तर बेअरिंग सतत फिंगरवर टेकून फिरत राहील, प्लेट घसरेल. यॉकचा लॉकनट सैल करून केबल फिरवली की हे जुळवता येतं. इंची पाने वापरा. मिलिमीटरचे पाने घालून नटांचे कोपरे गोल केलेल्या जीपा मी फार पाहिल्या आहेत.

इथेच माझी मोठी चूक झाली. गिअर करकरला की मी केबल आवळायचो. आवळत आवळत एक दिवस फ्री प्ले शून्यावर आला आणि मला पत्ता नाही. क्लच कटायला लागला म्हणून मी खूश, पण प्लेट पूर्ण चावत नव्हती. पुढच्या घाटाला इंजिनचा आवाज चढतोय आणि गाडी तेवढीच, आणि तो जळकट वास. दुसरी प्लेट अशी गेली. केबल आवळून फ्री प्ले एक इंचाच्या आत येत असेल आणि तरीही क्लच कटत नसेल, तर केबलला हात लावणं थांबवा. चाल दुसरीकडे कुठेतरी हरवते आहे.

ती कुठे हरवते हे पाहायला दोन माणसं लागतात. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. एकाने सीटवर बसून क्लच सावकाश दाबायचा, तळाशी धरायचा, सावकाश सोडायचा, आणि हे दहा-पंधरा वेळा करायचं. दुसऱ्याने खाली टॉर्च घेऊन पडायचं आणि केबलकडे न बघता जे हलायला नको त्याच्याकडे बघायचं. हे वाक्य मला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी सांगितलं. गाडी त्यांच्या दारात उभी करून मी आधीचा सगळा इतिहास सांगायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं आणि म्हणाले, "तू वर बस. मी म्हणेन तेव्हा दाब."

चासीला नळ्याचा गोळा धरणारं जे ब्रॅकेट असतं, ते पेडल दाबलं की वाकत होतं. बुडाशी तडा गेला होता. वरून ग्रीस आणि चिखलाचा थर बसल्यामुळे तडा दिसत नव्हता, पण पेडल दाबलं की त्या थरावर केसासारखी रेघ उघडायची आणि सोडलं की मिटायची. ब्रॅकेट जेवढं वाकायचं तेवढी चाल बेअरिंगपर्यंत पोचत नव्हती. केबल आवळली की भरपाई व्हायची, मग तडा आणखी लांबायचा आणि पंधरा-वीस दिवसांनी मी पुन्हा तिथेच. चार वर्षांचं कोडं काकांच्या बोटाने दाखवलेल्या त्या एका रेघेत होतं. मी खाली जाऊन ते स्वतः पाहिलं तेव्हा खरंच घशाशी आलं.

तुमच्याकडे तडा नसेलही. तेव्हा पाहायच्या जागा अशा: नळ्याचे दोन्ही गोळे आणि त्यांच्या वाट्या, पेडल शाफ्टचा बुश (पेडल आडवं हलवून पाहा, टकटक जाणवते), यॉकची पिन, केबलच्या तारांपैकी एखादी तुटलेली आहे का, आणि इंजिनचे रबर माउंट. माउंट बसले की इंजिन खाली येतं, बेल हाउसिंगवरचा गोळा खाली जातो आणि नळा तिरका होतो. काही जीपांमध्ये इंजिन पुढे सरकू नये म्हणून बेल हाउसिंगपासून क्रॉसमेंबरला (चासीच्या आडव्या तुळईला) एक तारेचा ताण असतो. तो तुटून पडला आणि कोणी परत लावलाच नाही, असं सर्रास दिसतं. क्लच दाबला की इंजिनच पुढे सरकतं आणि चाल तिथे जाते.

ब्रॅकेटच्या वेल्डिंगविषयी एक गोष्ट कळकळीने सांगतो. या जीपमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, आणि लेफ्ट हँड गाडीत ब्रॅकेटही त्याच बाजूला. टाकी पूर्ण काढून लांब नेऊन ठेवल्याशिवाय कोणालाही तिथे वेल्डिंग करू देऊ नका. 'ओलं फडकं टाकू, काही होत नाही' म्हणणारे भेटतात. आम्ही टाकी काढली, बॅटरीच्या तारा काढल्या, जागा घासून पत्रा उघडा केला, तड्याला खाच मारली, वेल्ड भरला आणि बाजूला तिकोनी पट्टी जोडली. गोळेही नवे घातले. केबल जवळजवळ पूर्ण मोकळी सोडून सव्वा इंच फ्री प्ले ठेवला.

गरम झाल्यावरचं दुखणं: पायलट बुश

थंड गाडीत आता गिअर सुरीने लोणी कापावं तसे पडायला लागले. पण घाट चढून माथ्यावर थांबलो की पहिला अजूनही थोडा कुरकुरायचा. पूर्वीइतका नाही, पण होता. केबल थोडी इकडेतिकडे करून पाहिली, काडीचाही फरक नाही. तिथेच लक्षात आलं की हे दुसरं प्रकरण आहे. केबलने फरक पडणारा दोष चालीचा असतो. केबलने अजिबात फरक पडत नसेल, तर प्लेट सुटली असूनही शाफ्टला दुसरं कोणीतरी फिरवत असतं.

फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनमागच्या जड चाकाच्या, मधोमध एक छोटा काशाचा बुश बसतो. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं निमुळतं टोक त्यात टेकलेलं असतं. हाच पायलट बुश. पाय क्लचवरून काढलेला असतो तेव्हा बुश आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात, त्यांच्यात घर्षण नसतं. क्लच दाबला की बुश इंजिनबरोबर फिरत राहतो आणि शाफ्ट थांबायला हवा. बुश कोरडा असला तर तो शाफ्टला धरून फिरवतो, आणि गरम झाल्यावर जास्त घट्ट धरतो. वरून प्लेट कितीही मोकळी झाली तरी पहिला करकरणारच.

चौथ्यांदा गिअरबॉक्स उतरवला. या वेळी मात्र काय शोधायचंय ते माहीत होतं. बुश निघाला तो पिवळाधमक, आतून चरे पडलेला. आधीच्या कुठल्यातरी कामात कोणीतरी लेथवर भरीव पितळेतून करून घातला होता. दिसायला सुबक, मापालाही बरोबर. पण मूळ बुश भुकटी दाबून केलेल्या काशाचा असतो, त्याला सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यात तेल मुरलेलं राहतं. तिथे नंतर तेल घालायची काही सोय नाही, त्यामुळे बुश स्वतःच तेल धरून ठेवणारा हवा. भरीव पितळ तेल धरत नाही. बसवताना लावलेलं ग्रीस वाळलं की संपलं.

खरा बुश ओळखायची सोपी रीत: एका बाजूला अंगठा लावून आत इंजिन ऑईल भरा, वरच्या तोंडावर दुसरा अंगठा ठेवून जोरात दाबा. बाहेरच्या अंगावर घामासारखे तेलाचे बारीक थेंब आले पाहिजेत. नाही आले तर परत करा. नवा बुश रात्रभर इंजिन ऑईलमध्ये बुडवून ठेवा. जुना काढायला भोकात ग्रीस ठासून भरायचं, आत बरोबर बसेल अशी गोल सळई ठेवून हातोडी मारायची. ग्रीसच्या दाबाने बुश आपोआप बाहेर येतो. नवा ठोकताना लाकडाचा ठोकळा मध्ये घ्या, थेट हातोडी नको.

उतरवलाच आहे, तर

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्रच खाली येतात आणि वजन भरपूर असतं. परत चढवताना शाफ्ट प्लेटच्या हबमध्ये शिरला आणि माणसं दमून क्षणभर सगळं वजन त्यावर लटकवून उभी राहिली, की प्लेट वाकते. वाकलेली प्लेट पहिल्या दिवसापासून घासते. माझी पहिली नवी प्लेट अशीच वाकली असावी, कारण ती घातल्या दिवशीही क्लच धड कटत नव्हता. जॅकवर पाटी घेऊन बॉक्स त्यावर तोला, आणि बेल हाउसिंगचे चारही बोल्ट हाताने चार-पाच आटे लागेपर्यंत जॅक काढू नका. बोल्ट आवळून बॉक्सला ओढून आणायचा प्रयत्न करू नका.

प्लेटची बाजू पाहा. हबचा लांब भाग गिअरबॉक्सकडे. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टना लागतो. हबच्या खाचांवर ग्रीसचा अगदी पुसट हात, जास्त लावलं तर उडून प्लेटवर जातं. प्रेशर प्लेटच्या तिन्ही फिंगर एका उंचीला आहेत का पाहा. दुरुस्त केलेल्या प्रेशर प्लेटमध्ये एक फिंगर खाली-वर असणं फार दिसतं, आणि मग प्लेट एका बाजूने सुटते, दुसरीने नाही. जीपची जुनी प्लेट साडेआठ इंची असते. नवी घेताना जुनी सोबत घेऊन जा, दातऱ्यांची संख्या आणि व्यास दुकानातच ताडून पाहा.

रिलीज बेअरिंग रॉकेलने धुऊ नका. त्यात आतून ग्रीस भरून ते बंद केलेलं असतं. रॉकेल आत गेलं की ग्रीस पातळ होतं आणि महिन्यात बेअरिंग ओरडायला लागतं. बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा, बस.

आणि बेल हाउसिंगमधली काळी धूळ हवेच्या पाइपाने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका. आमच्याकडची पोरं तोंडावर रुमालही न बांधता ती धूळ अंगावर घेतात, ते पाहवत नाही.

आत ऑईल ओघळलेलं दिसलं तर बोटाने घेऊन वास घ्या. काळं, पातळ असेल तर इंजिनच्या मागच्या सीलचं. चिकट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूचं. सील न बदलता नवी प्लेट घालणं म्हणजे प्लेट वाया घालवणं.

आवाजावरून ओळख, आणि बाकीच्या तक्रारी

गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. पेडल नुसतं टेकवल्यावर किरकिर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. पेडल पूर्ण दाबून गिअरमध्ये उभं असतानाच कर्कश शीळ येते तर पायलट बुशवर संशय घ्या. उलट पाय उचलला की घरघर आणि दाबला की शांत, तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग.

प्लेट घसरते का हे पाहायला सपाटीवर हँडब्रेक ओढा, तिसरा टाका, थोडं रेस करून क्लच सावकाश सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. फिरतच राहिलं तर घसरतेय. एकदाच करा, पुन्हा पुन्हा करून उरलेली प्लेट जाळू नका. जागेवरून निघताना गाडी थरथरत असेल तर प्लेटवर तेल, ढिले माउंट किंवा पाट्यांच्या स्प्रिंगांचे सैल यू-बोल्ट, या क्रमाने बघा.

उतारावर पाय उचलला की दुसरा गिअर निसटून न्यूट्रलमध्ये येतो, ही टी-९०ची जुनी तक्रार. आधी गिअरबॉक्स ते बेल हाउसिंगचे बोल्ट आवळलेले आहेत का पाहा, खूपदा तेवढंच असतं. मग झाकणातल्या रेलवरच्या गोळ्या आणि स्प्रिंगा. त्यानंतर आतल्या खालच्या चाकांच्या जोडाचे वॉशर झिजून तो पुढेमागे खेळतो का हे पाहायचं, आणि त्यासाठी बॉक्स उघडावाच लागतो. दांड्याचं खालचं टोक झिजलं की ते दोन रेलच्या मध्ये अडकतं आणि दांडा जागचा हलत नाही. टोकाला वेल्ड भरून घासून मूळ आकार दिला की काम होतं.

फोर व्हीलमध्ये डांबरी रस्त्यावर चालवल्यावर ट्रान्सफरचा दांडा निघत नाही, तो क्लचचा दोष नाही. पुढच्या-मागच्या चाकांच्या फरकाने सगळा पीळ दातांवर येतो. गाडी सरळ रेषेत चार-पाच फूट मागे घ्या, सुटतो.

ऑईलबद्दल माझं मत पक्कं आहे. गिअरबॉक्सला एसएई ९० (हा जाडीचा नंबर), जीएल-४ (हा दर्जा). जीएल-५ डिफरन्शियलसाठी चांगलं, पण त्यातली काही रसायनं पितळेच्या रिंगांना खाऊ शकतात, आणि ते इतकं निसरडं असतं की सिंक्रोची रिंग घासून पकडायलाच बघत नाही. आणखी जाड एसएई १४० घातलं तर आवाज दबतो पण थंडीच्या सकाळी दुसरा जड जातो. गिअरबॉक्सला जेमतेम पाऊण लिटर लागतं, ट्रान्सफर केसला दीड लिटरच्या आसपास. दोन्ही एकमेकांना चिकटलेले आहेत आणि मधल्या बेअरिंगमधून गिअरबॉक्सचं ऑईल हळूहळू ट्रान्सफरमध्ये जातं. एकाची पातळी पाहून दुसरा भरलेला असेलच असं धरू नका. ट्रान्सफर केस ओसंडून हँडब्रेकच्या ड्रमवर ऑईल आलं असेल, तर गिअरबॉक्स कोरडा पडत चाललाय का ते त्याच दिवशी पाहा.

पावसाळ्यात उभी ठेवताना

चिपळूणच्या घरी जीप दोन महिने उभी राहिली की दमट हवेने प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. मग पेडल नीट चालतं, फ्री प्ले बरोबर असतो, आणि गिअर मात्र एकही पडत नाही. काही फुटलं असं समजून बॉक्स उतरवू नका. इंजिन बंद ठेवून दुसरा गिअर टाका, मोकळ्या मैदानात स्टार्टरवर निघा, पाणी गरम होईपर्यंत थोडं चालवा, मग क्लच तळाशी दाबून धरा आणि अ‍ॅक्सिलेटर दाबा-सोडा करा. दोन-चार हिसक्यांत टक्कन सुटते. समोर निदान शंभर फूट मोकळे असू द्या आणि ब्रेक चांगले आहेत याची आधी खात्री करा.

मी आता पावसाळ्याआधी एक लाकडाची फळी कापून ठेवतो, पेडल आणि सीटची चौकट यांच्यामध्ये बसेल एवढी. पेडल दाबून फळी अडकवली की प्लेट मोकळी राहते. स्टिअरिंगला दोऱ्याने चिठ्ठी बांधतो, 'क्लच दाबलेला आहे, फळी काढा', कारण धाकटा भाऊ न बघता चावी लावतो.